शिल्लक पुढे आणली

त्यांचं पहिलं पत्र हातात पडलं तेव्हा मला वाटलं, कळमन्याच्या मार्केटातल्या कुणा अडत्याचा कागद चुकून हायकोर्टात आला. रेघी वहीचं पान, वर मधोमध ‘श्री’, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि पहिल्याच ओळीत वळणदार अक्षरात ‘शिल्लक पुढे आणली’. फरक एवढाच की जमेच्या बाजूला रुपयांऐवजी दिवस होते. साधी माफी इतके दिवस, वार्षिक सद्वर्तन माफी इतके दिवस, सरकारी माफी इतके दिवस. नावेच्या बाजूला एकच नोंद होती: ‘जन्मठेप’. तिच्यासमोर रकमेच्या जागी आखलेली, पण रिकामी चौकट.

खाली अर्ज होता. “दप्तरात पान सातवरून पान आठवर शिल्लक नेताना ११४१ दिवसांचे १११४ दिवस झालेले आहेत. फरक २७. सत्तावीसला नवाने निःशेष भाग जातो, यावरून आकडे उलटसुलट पडले हे उघड आहे. सबब मेहेरबान कोर्टाने माझे सत्तावीस दिवस मला परत देववावेत. व्याज नको.”

‘व्याज नको’ हे दोन शब्द वाचून मी ती केस घेतली. घेतली असं आपलं म्हणायचं. उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीनं ती माझ्या गळ्यात आधीच घातलेली होती.

सिव्हिल लाइन्समधली आमच्या नागपूर खंडपीठाची घुमटाची दगडी इमारत १९४० सालची. बाहेरगावचा पक्षकार ती पाहून आधी दबकतो, मग फोटो काढतो आणि मग वकिलाला शोधतो. तिच्या आत सकाळी खून, दरोडे, अपिलं यांची वर्दळ असते. कैद्यांच्या रजेची आणि माफीची प्रकरणं बोर्डाच्या शेपटाला. तिथवर पोचेतो चेहरे जेवणानंतरचे झालेले असतात. अशा वेळी उठून ‘माय लॉर्ड, सत्तावीस दिवसांचा प्रश्न आहे’ म्हणायला धीर लागतो. त्याच दिवशी सकाळी त्याच कोर्टात कुणाच्या तरी अख्ख्या जन्माचा प्रश्न होऊन गेलेला असतो.

आता या गृहस्थांबद्दल. सगळे त्यांना मुनीमजी म्हणत, मीही तेच म्हणतो. मुनीमजी नावाचा एकच माणूस शोधायला मात्र जाऊ नका. वकिलीत भेटलेल्या चार-पाच जणांची पोटखाती मी इथं एका खात्यात वळती केली आहेत. कारागृहाचं नावही सांगत नाही. विदर्भात कारागृहं पुष्कळ आहेत आणि मला अजून त्या सगळ्यांत जावं लागतं. पण शिक्षा झालेल्यांच्या कुठल्याही बराकीत जा, असा एक इसम असतोच. बाकीचे भिंतीवर रेघा मारतात, हा वहीत मारतो. बाकीच्यांना सुटकेची तारीख स्वप्नात दिसते, याला ती तोंडी पाठ असते, आणि साहेबांनी सांगितलेल्या तारखेशी ती कधीही जुळत नाही.

मुनीमजी मूळचे संत्र्याच्या अडतीवरचे. काटा, तोलाई, हमाली, पट्टी यांत हयात गेली. त्यामुळे तुरुंगातला कायदाही त्यांना अडतीच्या भाषेतच उमगला. शिक्षेतल्या सुटीला कायद्यात रेमिशन म्हणतात, बराकीत माफी. राज्याचे त्यासाठीचे नियम १९६२ चे. कैद्यानं नीट वागावं, नेमून दिलेलं काम करावं, त्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला काही दिवस पडत जातात. वर्षभर गुन्हा केला नाही तर त्याचे वेगळे, सरकारनं खास प्रसंगी दिले तर त्याचे वेगळे. वागणूक बिघडली की कापतात. मी हे सगळं पुस्तकातून शिकलो, मुनीमजींनी एका वाक्यात निकालात काढलं.

“अडतीत कास्तकाराच्या मालातून कडता कापते ना जी? तसंच. फक्त इथं माल सरकारचा आन् कडता आपला.”

लवकरच त्यांच्याकडे गिऱ्हाइकी सुरू झाली. ज्याला ऑफिसातली तारीख पटत नसे तो मुनीमजींपुढे मांडी घालून बसे. मुनीमजी फी घेत, पण साबणात. मुदतीच्या शिक्षेचा साधा हिशेब: एक साबण. जन्मठेपेचा: दोन. जन्मठेप, त्यात दोनदा रजा, एकदा उशिरा हजर आणि मध्येच दुसऱ्या कारागृहात बदली: चार साबण आणि पारले-जीचा पुडा. परिणामी सबंध बराकीत त्यांच्याइतका स्वच्छ माणूस नव्हता. अंगाला संतूरचा वास, कपडे रिनमध्ये भिजवलेले. मुलाकातीला गेलो की जाळीपलीकडून आधी वास यायचा, मग मुनीमजी.

एकदा त्यांनी एका पोराला माझ्यासमोर उभं केलं. चोरीची केस, शिक्षा दोन वर्षांची. निकाल लागेपर्यंत कच्च्या कैदेत त्यानं सव्वीस महिने काढलेले. खटल्याच्या काळात भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. त्याला सेट-ऑफ म्हणतात. म्हणजे शिक्षा ऐकली त्याच क्षणी पोराची शिक्षा संपून वर दोन महिने झाले होते. मी म्हटलं, सुटेल आज-उद्या. मुनीमजींचं तेवढ्यानं भागेना.

“सुटंल ते ठीक आहे जी. पण याचे दोन महिने सरकारकडे जमा राह्यले ना? ते म्हणते, पुढच्या गुन्ह्यात वळते होतीन का?”

मी त्या पोराकडे पाहिलं. पोट्टा मन लावून ऐकत होता. मी घाईघाईनं सांगितलं की तशी सोय कायद्यात नाही. त्याचा चेहरा पडला. एक गुन्हा टळला असं मी समजतो.

मुदतीच्या शिक्षेत गणित सोपं असतं: इतकी वर्षं, वजा सेट-ऑफ, वजा माफी, बरोबर तारीख. खरं त्रांगडं जन्मठेपेचं. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे पानठेल्यापासून सिनेमापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते खोटं आहे. त्याहून रसाळ समज म्हणजे तुरुंगात दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात, म्हणून चौदाची सात होतात. नवा कैदी ही बातमी बाहेरून घेऊनच येतो. मुनीमजी त्याला पूर्ण बोलू देत. मग विचारत, “आन् अमावस्येचं काय करतं बे? ते दोन रात्री धरतं का?”

या विषयावरचा त्यांचा आवडता खटला गोपाळ गोडसेंचा. गांधीजींच्या खुनाच्या कटात १९४९ साली जन्मठेप झालेल्या गोडसेंनी पुढे सुप्रीम कोर्टात हिशेबच मांडला होता. प्रत्यक्ष भोगलेली अकराहून जास्त वर्षं, त्यात सद्वर्तनाची, कवायतीची, वाचन-लेखनाची आणि सरकारनं दिलेली अशी सगळी माफी मिळून पावणेतीन हजारांवर दिवस. झाली वीस वर्षं, आता सोडा. घटनापीठानं जानेवारी १९६१ मध्ये सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सबंध आयुष्य. दंडसंहितेत जन्मठेप वीस वर्षांची धरतात, ती फक्त शिक्षेचा अपूर्णांक काढायचा असेल तेव्हा. सरकार स्वतःहून शिक्षा कमी करत नाही तोवर नुसती माफी साठवून दार उघडत नाही. पुढे सरकारनंच त्यांना १९६४ मध्ये सोडलं.

“त्या माणसाचा गुन्हा मी बोलतच नाही,” मुनीमजी म्हणाले. “पण बेरीज पाह्यली म्या. बेरीज बरोबर होती. खातंच चुकीचं. देणं किती ते लिवलेलंच नाही, तं वजा कशातून करान?”

तेव्हा कुठे मला त्यांच्या वहीतल्या त्या रिकाम्या चौकटीचा उलगडा झाला.

चौकट भरायचं काम सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांचं. गुन्हा कशातून घडला, क्रौर्य किती, हे पाहून वर्गवारी: याला बावीस वर्षं, त्याला चोवीस, आणखी कुणाला सव्वीस. या वर्षांत माफी धरलेली असते. पण मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेला १८ डिसेंबर १९७८ पासून एक खुंटी मारलेली आहे: माफी किती का साठेना, किमान चौदा वर्षं अंगावर काढलीच पाहिजेत. लोकांच्या डोक्यातली चौदा वर्षं आली ती बहुधा इथून. ती खालची मर्यादा आहे. लोकांनी तिची वरची करून टाकली.

मुनीमजींना शिक्षा २००९ ची. राज्याची तत्त्वं बदलली २०१० मध्ये. त्यांच्या हिशेबानं जुन्यांत त्यांना बावीस पडत होती, नव्यांत चोवीस. कोणती लावायची? सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच हरियाणाच्या एका प्रकरणात ठरवून दिलंय की शिक्षेच्या दिवशी जे धोरण होतं ते लावा, नंतरचं जास्त उदार असेल तर ते द्या. हे मी त्यांना समजावून सांगायला गेलो तर ते मान हलवून म्हणाले, “सौदा झाला त्या दिवसाचा भाव. मंग बाजार चढो का उतरो.” तीन परिच्छेदांचा माझा युक्तिवाद त्यांनी एका ओळीत बसवला. पुढे मी तीच ओळ इंग्रजीत करून कोर्टात वापरली. श्रेय दिलं नाही.

अशा माणसाचा वकील होणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. माझ्याकडे त्यांची पत्रं आठवड्याला दोन या दरानं येत. एका पत्रात त्यांनी लीप वर्षाचा मुद्दा काढला. २००८, २०१२, २०१६, २०२०, २०२४: पाच वेळा २९ फेब्रुवारी आला, पाचही वेळा आपण आत होतो, सरकार वर्ष मोजताना ३६५ मोजतं, तर हे पाच दिवस कुणाच्या खात्यात गेले? प्रश्न मूर्खपणाचा वाटला म्हणून मी उत्तर शोधायला बसलो, आणि दोन तास गेले. उत्तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये सापडलं. ‘वर्ष’ आणि ‘महिना’ म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे जे असेल ते. वर्ष ३६५ चं असो की ३६६ चं, एकच. मुनीमजींना तसं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: “इंग्रज गेले, कॅलेंडर ठेवून गेले. पाच दिवस बुडीत खात्यात टाकले आहेत. तरी वही पाहून घेणे.” सोबत वहीचं पान. खरोखरच ‘बुडीत खाते: ५’.

रजेचा हिशेब त्याहून अवघड. कैद्याला दोन तऱ्हेच्या रजा असतात. संचित रजा, म्हणजे फर्लो, ही शिक्षेत मोजली जाते. बाहेर असलात तरी मीटर चालू. अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, ही घरच्या अडीअडचणीची. तिच्यात मीटर बंद. बायको आजारी, घर पडलं, आई गेली, तर जा. पण तेवढे दिवस शिक्षा पुढे सरकत नाही. गोव्याच्या कैद्यांनी हा प्रश्न दिल्लीपर्यंत नेला होता. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की चौदा वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस धरायचे नाहीत. बराकीत त्या दिवशी सुतक होतं. मुनीमजींनी बसून प्रत्येकाच्या तारखा पुढे ढकलल्या आणि त्याचे साबण घेतले नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या वहीत एक नोंद मला खटकली. एका वर्षी ‘वजा १५’. कारण विचारलं. आई वारली तेव्हाची अभिवचन रजा. तेरवी करून परतायला तीन दिवस उशीर झाला. उशिराच्या एका दिवसाला माफीतले पाच या दरानं कापलेली प्रकरणं मी पाहिली होती. यांचेही पंधरा गेले. माझ्यातला वकील जागा झाला. म्हटलं, हे आव्हान देण्यासारखं आहे. नोटीस न देता कापले असतील, कारण न ऐकता कापले असतील. सत्तावीसमध्ये पंधरा मिळवून बेचाळीस मागू.

मुनीमजींनी पहिल्यांदाच माझ्या गणिताला नकार दिला.

“नाही जी. ते तीन दिवस माहे होते. म्या घेतले, त्याची किंमत देल्ली. महाग पडले, पण माल चोख होता.”

पुढे ते काही बोलले नाहीत. मीही ते पान उलटलं.

मधल्या काळात वर्तमानपत्रं त्यांना काम पुरवत. २०१६ च्या फेब्रुवारीत संजय दत्त येरवड्यातून सुमारे आठ महिने आधी सुटला तेव्हा सबंध देशात दोन पक्ष पडले: एक म्हणे वशिला, दुसरा म्हणे सद्वर्तन. मुनीमजींचा तिसरा पक्ष. “वही पाह्यल्याशिवाय मी बोलत नाही.” २०१८ मध्ये बातमी आली की नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात झालेल्या गांधी विचार परीक्षेत अरुण गवळी ८० पैकी ७४ गुण मिळवून पहिला आला. भायखळ्याच्या दगडी चाळीचा डॅडी आणि सत्याचे प्रयोग, या जोडीवर सगळे हसले. मुनीमजी चष्मा पुसत म्हणाले, “सहा मार्क कशात कापले, ते देल्लंच नाही पेपरात.”

त्याच गवळीचं प्रकरण पुढे आमच्या खंडपीठात आलं आणि माफीच्या हिशेबाला एकदम वलय मिळालं. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ च्या खुनात गवळीला २०१२ मध्ये जन्मठेप झाली. राज्याचं २००६ चं एक परिपत्रक असं की वय पासष्टच्या वर, प्रकृती अशक्त आणि चौदा वर्षं भोगलेली असतील तर सुटकेचा विचार व्हावा. सरकार म्हणालं, मोक्काच्या कैद्याला हे लागू नाही, नंतरच्या नियमांत तसं आलंय. गवळी म्हणाला, नंतरचं नंतर. शिक्षेच्या दिवसाचं दाखवा. ५ एप्रिल २०२४ रोजी खंडपीठानं त्याच्या बाजूनं कौल दिला. जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. पुढे ३ सप्टेंबर २०२५ ला तो नागपूरच्या कारागृहातून बाहेर आला, पण जामिनावर. माफीच्या हिशेबावर नव्हे. डॅडीला मिळालेला वकिलांचा ताफा आणि मुनीमजींना मिळालेला मी, यांची तुलना मी करत नाही. मुद्दा मात्र दोघांचा एकच होता: सौदा झाला त्या दिवसाचा भाव.

आणि एवढं सगळं पाठ होतंय तोवर १ जुलै २०२४ ला कायदेच बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४३३-अ हे नव्या संहितेत ४७५ झालं, सेट-ऑफचं ४२८ हे ४६८ झालं. आम्ही वकील महिनाभर चाचपडत होतो. मुनीमजींनी एका कागदावर दोन रकाने आखून डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी, असा तक्ता केला आणि मला पाठवला. वर शेरा: “दुकानाचे नंबर बदलले, माल तोच.” तो तक्ता माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. ज्युनिअर मंडळी त्याची झेरॉक्स नेतात.

शेवटी सुनावणी लागली. मी रात्रभर तयारी केली होती. १९६२ चे नियम, हरियाणा, गोवा, गोडसे, जनरल क्लॉजेस ॲक्ट, सगळ्याला खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. बोर्ड संपता संपता आमचा नंबर आला. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, दप्तर तपासलं, आकडे नेताना चूक झाली आहे, दुरुस्ती केली आहे. कोर्टानं विचारलं, मग उरलं काय? मी म्हटलं, काही नाही. याचिका निकाली. मोजून चार मिनिटं. सात महिने लढून सत्तावीस दिवस मिळाले, आणि माझा गोडसे चिठ्ठीसकट तसाच पिशवीत परत गेला.

ही बातमी द्यायला मी मुद्दाम गेलो. जाळीपलीकडे संतूरचा वास आला. मला वाटलं, आता हा माणूस निदान हसेल.

“ज्यानं लिवलं त्या बाबूले काही केलं तं नाही ना जी?”

मी म्हटलं, नाही, नुसती दुरुस्ती.

“बरं झालं. आकडे उलटे पडतेत. माणूस वाईट नसते.”

मग मी इतके महिने मनात ठेवलेला प्रश्न विचारला. नवानं भागायची ही युक्ती कुठली? त्यांनी सांगितलं, मुनीमगिरीतली ती पहिलीच शिकवण. दोन बेरजांतल्या फरकाला नवानं भाग गेला तर आधी चोर शोधू नका, आधी वही पाहा. कुठंतरी शेजारशेजारचे आकडे जागा बदलून बसलेले असतात. ५३ चे ३५ झाले की फरक अठरा. ७१ चे १७ झाले की चोपन्न. नेहमी नवाच्या पाढ्यातला.

जाळीच्या तारेवरून बोट फिरवत ते थोडा वेळ गप्प राहिले.

“भागीदाराच्या खात्यात चोपनशे कमी आले होते, साहेब. हंगामाचे दिवस, चार रात्री झोप नाही. म्या म्हटलं, तू खाल्ले. तो म्हणे, नाही. म्या म्हटलं, वही खोटं बोलते का? बोलाचाली वाढली. काट्याचं वजन हाताशी होतं.” पुन्हा गप्प. “लॉकअपमध्ये पहिल्या रात्री मनातल्या मनात भागलं. चोपनशे. नव सखं चोपन. ८२६० च्या जागी २८६० लिवलं होतं. अक्षर माहंच.”

मुलाकातीची वेळ संपल्याची शिट्टी झाली. मला काही सुचलं नाही. मी वकिली सवयीनं विचारलं, हे खटल्यात सांगितलं होतं का?

“सांगून काय होते? ते देणं आहे, त्याच्यावर माहा वाद नाही जी. सरकारनं जन्मठेप म्हटलं, म्या घेतली लिहून. कमी करा म्हणून एक अर्ज केला का कधी? मी येणं मागतो. जमेतलं. तेवढं बरोबर पाह्यजे.”

ती दोन खाती त्यांनी आयुष्यभर वेगळी ठेवली होती, आणि मी इतके दिवस फक्त एकच पाहत होतो.

२०२५ च्या सुरुवातीला मुनीमजी सुटले. सत्तावीस दिवस जमा झाल्यामुळे त्यांची बावीस वर्षं लवकर भरली खरी, पण सुटकेचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत यायला बेचाळीस दिवस लागले. बाहेर आल्यावर त्यांनी मला शेवटचं पान दाखवलं. ‘येणे: ४२. वसूल होण्यासारखे नाही.’ खाली दुहेरी रेघ. खातं बंद.

परवा इतवारीत काम होतं म्हणून त्यांच्याकडे डोकावलो. एका ओळखीच्या किराणा दुकानदारानं त्यांना हिशेबाला ठेवलंय. गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसतात, समोर वही. कॉम्प्युटर आहे, पण त्याला ते ‘तुमची वही’ म्हणतात. संतूरचा वास कायम. मला पाहून चहा मागवला. चहा यायच्या आत दुकानात आरडाओरडा सुरू झाला. गल्ल्यात साडेचारशे रुपये कमी भरले होते. शेठनं मालाची डिलिव्हरी करणाऱ्या पोराची कॉलर धरली होती. पोरगं रडायच्या बेतात, आसपासचे हमाल गोळा झालेले, आणि शेठचा दुसरा हात वर गेलेला.

मुनीमजी स्टुलावरून उतरले. या वयात इतक्या चपळाईनं कुणाला उतरताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी शेठचा वर गेलेला हात मनगटात धरला, अगदी घट्ट.

“थांबा शेठ. कालचं पान काढा. किती कमी आहे म्हटलं? साडेचारशे?”

शेठ चिडून म्हणाले, हौ, साडेचारशे.

“नवानं भाग जाते,” मुनीमजी म्हणाले. मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. “आधी वही पाहू.”

वही निघाली. कालच्या सोळाशे दहाच्या जागी कुणीतरी अकराशे साठ लिहिलं होतं. अक्षर शेठचंच होतं. पोरगं कॉलर नीट करत बाहेर पळालं. मुनीमजींनी चुकीच्या आकड्यावर एक बारीक रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला, बाजूला सही केली, आणि मला म्हणाले, “चहा थंड होऊन राह्यला जी, घ्या ना.”